दगडापाशी थांबलेला वर्ग

ईश्वरदास आणि मी रेल्वेच्या एकाच गँगमध्ये एकतीस वर्षं काढली. मी शेवटपर्यंत ट्रॅकमन राहिलो, तो कीमॅन झाला. मी दहा जणांबरोबर गिट्टी ठोकायचो, तो एकटा चालायचा. आमचा तुकडा गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी स्टेशनच्या दोन्ही बाजूंचा. छोटी लाइन होती तेव्हापासूनचे आम्ही. ती उखडून मोठी लाइन टाकली, त्यातही आमचे हात आहेत.

कीमॅनचं काम लांबून सोपं दिसतं. खांद्यावर हातोडा आणि पाना, काखेत झेंड्या. सकाळी निघायचं, एका रुळाकडे बघत सहा किलोमीटर जायचं आणि दुसऱ्या रुळाकडे बघत सहा किलोमीटर परत यायचं. रुळाला स्लीपरशी पकडून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या असतात. गाड्यांच्या धक्क्याने त्या ढिल्या होतात. ढिली दिसली की ठोकायची. एका किलोमीटरला दीड हजारावर स्लीपर. बरेच कीमॅन दहा-दहा स्लीपर नजरेने उडवत जातात. मी कोणाला नावं ठेवत नाही, उन्हात डोळे दमतात. ईश्वरदास उडवत नसे. आमचा मेट, म्हणजे गँगचा मुकादम, त्याला म्हणायचा की तू परत येतोस तोवर पहिली चावी पुन्हा ढिली झालेली असते. सगळी गँग हसायची. दुसऱ्या दिवशी तो तसाच जायचा.

उन्हाळ्यात आणखी एक काम असे. ऊन तापलं की रूळ वाकडा होण्याची भीती, म्हणून भर दुपारी गस्त. आपल्या हद्दीच्या टोकापर्यंत चालत जायचं. पलीकडच्या हद्दीचा माणूस तिथे येतो. त्याच्या हातात आपलं गस्तीचं पुस्तक द्यायचं, त्याचं आपण घ्यायचं आणि परत फिरायचं. समोरचा आला नाही तर सावलीत बसून राहायचं नाही. तो भेटेपर्यंत पुढे चालत जायचं, हा नियम. एका मे महिन्यात पलीकडचा बकाराम आला नाही. ईश्वरदास दोन किलोमीटर पुढे गेला. बकाराम एका मोरीखाली पडलेला सापडला, ऊन लागून. बाटलीतलं सगळं पाणी त्याच्या डोक्यावर ओतून ईश्वरदासने त्याला बसवलं. बकाराम आज नातवंडं खेळवतो.

ईश्वरदास मूळचा केशोरीचा. आजे-पणजे तलाव बांधणाऱ्या घरातले. त्याचा बाप एका मिशनच्या दवाखान्यात माळी होता, तिथे तो ख्रिस्ती झाला. घरातली नावं तीच राहिली. ईश्वरदास दहावी नापास. पण पोस्टाने बायबलचा एक अभ्यासक्रम यायचा, तो त्याने चौदा वर्षं केला. ड्युटी संपली की आंघोळ, मग वही. उत्तरं लिहून पाठवायची, तपासून आली की पुढचा भाग मागवायचा. कधी गठ्ठा हरवायचा. तो पुन्हा लिहायचा. मी पोवार, आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावकडचा, माझे देव वेगळे. त्याने मला कधी त्याच्याकडे ओढलं नाही आणि मी कधी त्याला टोकलं नाही.

दोन हजार तेरात तो रिटायर झाला. गोंदियात एक पाद्री होते. त्यांची संस्था परदेशात, जिथे शिकलेले पाद्री पोचत नाहीत अशा खेड्यांत, पंधरा दिवसांचे वर्ग घ्यायची. वर्गाला यायचे ते तिथले साधे सेवक. शेती करणारे, सायकली दुरुस्त करणारे, शिवणकाम करणाऱ्या बाया. रविवारी तेच लोक मंडळीला उपदेश करतात, पण पुस्तक नीट शिकवलेलं कोणी नसतं. घरदार सोडून तीन वर्षं बायबल शाळेत राहणं त्यांना जमत नाही. म्हणून सुगी उरकल्यावर पंधरा दिवस. पाद्रींना असा मास्तर पाहिजे होता जो जमिनीवर झोपेल, विहिरीचं पाणी पिईल आणि कंटाळणार नाही. त्यांनी ईश्वरदासला विचारलं. त्याने महिनाभर उत्तर दिलं नाही, मग हो म्हणाला.

देश मलावी. आफ्रिकेत खाली, एका मोठ्या तळ्याकाठी. मुंबईहून दोन विमानं आणि मग दिवसभर ट्रकच्या मागे बसून. गावाचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही. त्यांची सुगी मे-जूनला उरकते, म्हणून वर्ग जुलैत. आणि जुलै म्हणजे आमच्याकडे धानाची रोवणी. बायको मनकर्णाबाई दरवर्षी एकटी बाया जमवून रोवणी करायची. विमानाला ती इमान म्हणते. म्हणायची, "रोवणी आली का यायचं इमान येते."

त्याचं इंग्रजी रेल्वेचं. छोटी वाक्यं, हुकमासारखी. तिथला दुभाषी खूश असायचा, कारण एका दमात त्यांचं भाषांतर करता यायचं. जाण्याआधी महिनाभर तो धडे तयार करायचा आणि स्टेशनच्या बाकावर बसून मला मराठीत ऐकवायचा. मला कळलं की लोकांना कळेल, असा त्याचा हिशेब. त्याचा पहिला वर्ग मी होतो. विषय एकच, मार्कने लिहिलेलं शुभवर्तमान. सोळा अध्याय. पंधरा दिवसांत सोळा अध्याय होतील असं पाद्रींनी धरलं होतं.

पहिल्या वर्षी तीन अध्याय पटापट झाले. चौथ्यात पेरणाऱ्याचा दाखला आहे. एक माणूस बी पेरायला निघतो, काही वाटेवर पडतं, काही खडकावर, काही काट्यांत, काही चांगल्या जमिनीत. ईश्वरदासला वाटलं, हे तर आपल्या घरचं. तो खुलला. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, कसे टाकतात, एकवीस दिवसांनी ते कसे उपटतात, जुड्या कशा बांधतात, चिखल कसा करतात, बाया ओणव्याने रोवत मागे कशा सरकतात. उपटल्याशिवाय पीक नाही, आपल्यालाही देव असाच उपटून दुसरीकडे रोवतो, असं त्याने दोन दिवस शिकवलं. फळ्यावर बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं, काढल्या. लोकांनी सगळं वहीत उतरवून घेतलं. ते मका लावणारे लोक. खड्डा करायचा, दाणा टाकायचा, माती ओढायची. त्यांनी धानाची बांधी जन्मात पाहिली नव्हती.

तिसऱ्या दिवशी एनेलेस नावाची एक म्हातारी उभी राहिली. साठीच्या पुढची, पायात चपला नाहीत. तिने विचारलं की टीचर, पुस्तकातला माणूस बी फेकतो आणि निघून जातो. तुमच्या धड्यात बाया दहा दिवस वाकून आहेत. त्या बाया पुस्तकात कुठे आहेत?

ईश्वरदासने पान पाहिलं. पुन्हा पाहिलं. बाया नव्हत्या. पऱ्हे नव्हते. उपटणं नव्हतं. दोन दिवस त्याने पुस्तकात नसलेलं शिकवलं होतं. चाळीस जणांनी दोन दिवस खपून ते लिहिलं होतं आणि घरी जाऊन ते आणखी चाळीस गावांना सांगणार होते. त्याने सगळ्यांना त्या पानांवर रेघ मारायला लावली. स्वतःच्या वहीत आधी मारली.

परत आल्यावर त्याने हे मनकर्णाबाईला सांगितलं तेव्हा मी तिथे होतो. ती कोंबड्यांना कणी टाकत होती. म्हणाली, "आवत्याचा धान सांगाचा होता ना. फेकते अन् जाते. रोवणी कायले सांगतली?" आवत्या म्हणजे रोवणी न करता थेट बी फेकून केलेला धान. तोही आमच्याच शेतात होतो. केशोरीच्या माणसाला तेवढं सुचलं नव्हतं. ती आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला हे सांगून हसत होती.

तो हसला नाही. पुढच्या वर्षीपासून त्याने रीत बदलली. एकेक वचन, म्हणजे अध्यायातलं एकेक वाक्य, घ्यायचं. त्यात जे आहे तेच बोलायचं. कोण आहे, कुठे आहे, काय करतो, काय म्हणतो. सगळ्यांना दिसलं की पुढचं. आणि एक नियम घातला: पुढचं पान कोणी उघडायचं नाही. तपासल्याशिवाय स्लीपर ओलांडायचा नाही.

त्यामुळे गाडी रखडली. दुसऱ्या वर्षी पाच ते सात. तिसऱ्या वर्षी दोनच अध्याय. पाद्री बोलावून म्हणाले की बाकीचे मास्तर पंधरा दिवसांत चार पुस्तकं करतात. ईश्वरदास म्हणाला की मग मला पाठवू नका. त्यांनी पाठवलं, कारण तिकडून पत्र आलं होतं की हाच टीचर पाहिजे. लोक वही घेऊन यायचे आणि गेल्या वर्षी जिथे थांबले त्या ओळीवर बोट ठेवून बसायचे. दोन हजार एकोणीसला चौदावा झाला. मग करोना. तीन वर्षं काही नाही. तो रोज स्टेशनच्या बाकावर यायचा आणि पंधराव्याची तयारी सांगायचा. तोंडपाठ झाला होता मला.

तेवीसला तो पुन्हा गेला. त्याआधी तिकडे मोठं वादळ येऊन गेलं होतं. प्रार्थनेच्या घराचं छप्पर उडालेलं, एक भिंत बसलेली. ईश्वरदासने वर्ग सुरू केला नाही. भिंत पडलेली असताना बसून शिकवणं त्याला जमलं नाही. पाच दिवस त्याने त्यांच्याबरोबर विटा वाहिल्या, चिखल कालवला, थर लावले. सत्तरीचा माणूस. त्याचा फोटो आहे, डोक्यावर सात विटा. राहिलेल्या दिवसांत पंधरावा अध्याय झाला. येशूचा खटला, क्रूस, मरण. शेवटच्या दिवशी ते अगदी अखेरच्या वचनांपर्यंत पोचले. प्रेत खडकातल्या कबरेत ठेवलं, तोंडाशी दगड लावला आणि दोन बाया कुठे ठेवलं ते पाहत राहिल्या. अध्याय संपला. दिवसही संपले. ट्रक बाहेर उभा होता. ईश्वरदास वर्गाला म्हणाला, "पुढच्या वर्षी दगड सरकवू."

चोवीसच्या जूनमध्ये, तिकीट काढलेलं असताना, बांधीत त्याच्या उजव्या पायाला काही लागलं. साखरेचा आजार होता. दोन बोटं गेली. तिकीट रद्द. त्याने बॅग रिकामी केली नाही. पंचवीसच्या फेब्रुवारीत घोट्याच्या वर पाय कापला. नागपूरला. मी सोबत होतो. शुद्धीवर आल्यावर त्याने विचारलं की नकली पाय किती दिवसांत बसतो. तो जुलै मोजत होता. मार्चमध्ये दुसऱ्या डॉक्टरने हृदय तपासलं आणि सांगितलं की विमान विसरा. यंदाचं नाही, कधीचंच. डॉक्टर चांगला होता, तो गोलगोल बोलला नाही.

ज्या माणसाने दिवसाला बारा किलोमीटर चालून नोकरी केली तो खाटेवर बसला. खाट अशी लावून घेतली की लाइन दिसेल. मी रोज दुपारी जायचो. तो मलावीचं बोलायचा. तिकडे जुलैत थंडी असते. सकाळी बाया मक्याच्या पिठाचा घट्ट लापशीसारखा गोळा शिजवतात त्याचा वास वर्गात येतो. माती आपल्या मुरमासारखीच लाल. एकदा म्हणाला की सोळावा अध्याय सगळा जेमतेम दोन-चार दिवसांचा आहे. आठ वचनं त्याने नक्की धरली होती, पुढचा भाग पुस्तकाच्या जुन्या हस्तलिखित प्रतींत नाही म्हणे, तेही त्याला वर्गात सांगायचं होतं. दोन-चार दिवस. हे तो मला नाही, लाइनकडे बघून म्हणाला.

मी त्याला कधी विचारलं नाही की सोळाव्यात काय आहे. त्याने सांगितलंही नाही. चोवीसची तयारी सुरू करायच्या आधीच पायाला लागलं. मी ख्रिस्ती नाही, शेजारी राहून थोडं कानावर असतं, पण त्याच्या रीतीने मला ते कोणी सांगितलं नव्हतं. मीही दगडापाशीच होतो.

जूनच्या शेवटी तिकडून निरोप आला. फोन मनकर्णाबाई चालवते. ईश्वरदासच्या जाड बोटांना तो ऐकत नाही. निरोप तियामिके नावाच्या बाईचा. ती शिंपीण, वर्गातली सगळ्यात नेटकी, पहिल्या वर्षापासूनची. मनकर्णाबाईने भाषांतराचं बटण दाबून अडखळत वाचलं. टीचर, पाय कसा आहे? मका यंदा बरा आहे. एनेलेस आजी गेल्या महिन्यात गेली. तिची वही तिच्यासोबत ठेवली. आम्ही अजून कोणीही पुढचं पान उघडलेलं नाही. ईस्टरला दुसऱ्या शुभवर्तमानातून वाचलं, मार्कचं बंद ठेवलं. तुम्ही या.

मनकर्णाबाईने फोन खाली ठेवला. ईश्वरदासने विचारलं की एनेलेसच्या वहीत शेवटची ओळ कोणती असेल. कोणाला विचारलं ते कळलं नाही. उत्तर त्याला माहीत होतं. म्हातारीने अकरा वर्षं पुस्तक ओळीने तपासलं होतं आणि तिची वही कबरीच्या तोंडावर संपली होती, कारण टीचरने पुढे बघायचं नाही असं सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तर त्याने दाढी केली होती. शर्ट घातला होता. मला म्हणाला की नागपूरला आणखी एका डॉक्टरकडे जाऊ, हा डॉक्टर भित्रा आहे. बोटीने जाता येतं का तेही बघ. सत्तरी ओलांडलेला, एका पायाचा, धाप लागणारा माणूस. तो तिकडे पोचला नसता, आणि पोचला असता तर परत आला नसता. मनकर्णाबाई दारात उभी होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि मला राहवलं नाही.

मी म्हटलं, "ईश्वरदास, गस्तीले टोकावर गेला अन् समोरचा नाही आला, तर का करायचं?"

"पुढं चालाचं."

"बसून राहायचं नाही?"

"नाही. नियम हाय."

"मग त्यायले काऊन बसवून ठेवलास?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता उठून जा म्हणेल. लाइनवरून मालगाडी गेली. नंतर तो म्हणाला, "त्यायची चूक नाही. नियम मीच देल्लो."

"नियम तुयाच हाय, म्हनूनच तुले सांगतो."

त्या दिवशी त्याने निरोप पाठवला नाही. तिसऱ्या दिवशी पाठवला. मनकर्णाबाईने लिहिलं, त्याने सांगितलं. मी येऊ शकत नाही. कधीच येणार नाही. वाट बघू नका. तियामिके, तू वर्ग घे. एकेक वचन. पुस्तकात असेल तेवढंच. कधीच येणार नाही हे त्याने दोनदा लिहायला लावलं, एकदा तिकडच्यांसाठी आणि एकदा, मला वाटतं, बॅगेसाठी. त्या संध्याकाळी मनकर्णाबाईने बॅगेतले कपडे काढून कपाटात लावले. त्याने अडवलं नाही.

वर्ग जुलैच्या दुसऱ्या सोमवारी सुरू झाला. तिकडचे सकाळचे नऊ म्हणजे आपले दुपारचे साडेबारा. ईश्वरदासने फोनवरून बघायला नकार दिला. मास्तर डोळे वटारून बसला की शिकवणाऱ्याचा हात कापतो म्हणाला. पण साडेबाराला तो खाटेवर ताठ बसायचा, मांडीवर पुस्तक, पान बंद. बाहेर रोवणी चालू होती. मनकर्णाबाई यंदा सकाळीच बायांना लावून देऊन दुपारी घरी यायची. पायाला चिखल, तशीच उंबऱ्यावर बसायची.

दुपारी चारला निरोप यायचा. पहिल्या दिवशी: आज एक वचन झालं. तीन बायांनी प्रेताला लावायला सुगंधी द्रव्यं विकत घेतली. आम्ही विचारलं, कोणी घेतलं, कधी घेतलं, कशासाठी. एवढ्यात दिवस संपला.

ईश्वरदास हसला. पाय कापल्यापासून मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. म्हणाला की ही माझ्यापेक्षा हळू आहे.

दुसऱ्या दिवशी एक वचन. सूर्य उगवताना त्या कबरीकडे निघाल्या. तिसऱ्या दिवशी एक. वाटेत त्या आपसात विचारत होत्या की आपल्यासाठी कबरीच्या तोंडावरचा दगड कोण सरकवेल. आणि त्याखाली तियामिकेने लिहिलं होतं: टीचर, आम्ही इथे थांबलो. सगळ्यांचं मत असं पडलं की पुढच्या वर्षी दगड सरकवू असं तुम्ही म्हणाला होतात. हे काम तुमचं आहे. फोनवरून का होईना, तुम्हीच करा. आम्ही उद्या नऊला बसून राहू. परवाही बसू.

ईश्वरदासचा चेहरा बदलला. मी खोटं लिहिणार नाही, तो सुखावला. अकरा वर्षं एकेक वचन चालून हा माणूस ज्या ठिकाणी पोचणार होता ते ठिकाण त्याच्यासाठी राखून ठेवलं होतं. त्याने मनकर्णाबाईला चष्मा मागितला. केस नीट केले. उद्या काय बोलायचं त्याची तयारी मला ऐकवतो म्हणाला, पूर्वीसारखी. मी खाटेजवळ सरकून बसलो. मलाही पाहिजे होतं.

"त्या बाया म्हनतात, दगड कोन सरकवन," तो म्हणाला. "मोठा दगड. बाया तीन."

मी विचारलं, "मग सरकवला कोनं?"

तो पुस्तक उघडत होता. त्याच्या आधी उंबऱ्यावरून मनकर्णाबाई बोलली. "त्या पोचल्या तवा तो सरकलेलाच होता, भाऊ."

ईश्वरदासचं बोट पानावर थांबलं. त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. मला ते पहिल्या वर्षीचं सांगणं आठवलं, फळ्यासमोर उभं राहून तो बाया शोधत होता ते. हे वचन त्याने आयुष्यात शंभरदा वाचलं असेल. तरी ट्रकमध्ये चढायच्या घाईत त्याने वर्गाला पुस्तकात नसलेलं सांगितलं होतं, आणि ते त्यांनी दोन वर्षं जपून ठेवलं होतं.

"एनेलेस असती तं तिनं तवाच धरलं असतं मले," तो म्हणाला.

मनकर्णाबाईने विचारलं, काय लिहू? तिने पाय पुसले, आत येऊन खाटेच्या कडेला बसली, फोन घेतला. तो सांगत गेला, हुकमासारखी छोटी वाक्यं. माझी चूक झाली. वहीत दगड सरकवू असं लिहिलं असेल तर रेघ मारा. ते आपलं काम नव्हतं. उद्या चौथं वचन घ्या. तियामिके शिकवेल. माझ्यासाठी थांबू नका. नंतर म्हणाला की एनेलेसच्या घरी कोणी असेल तर तिथे जाऊन त्यांना चौथं वचन वाचून दाखवा.

मग त्याने पुस्तक मिटलं. मी म्हटलं की मला तरी पुढचं सांग. तो म्हणाला, "उद्या. त्यायचं झाल्यावर."

त्यांचं पुढच्या सोमवारी झालं. आठव्या वचनापर्यंत. कबर रिकामी होती, आत बसलेला एक तरुण म्हणाला की तो उठला आहे. शेवटी त्या बाया घाबरून पळाल्या आणि कोणाला काही बोलल्या नाहीत, इथे तियामिके म्हणे बराच वेळ थांबली, आणि वर्गातही कोणी बोललं नाही. जुन्या प्रतींचंही तिने सांगितलं, त्याने लिहून पाठवल्याप्रमाणे. निरोपासोबत एक फोटो होता. प्रार्थनेच्या घराबाहेर सगळे उभे, हातात वह्या. मागे ती नवी भिंत.

मनकर्णाबाईने फोटो मोठा करून त्याच्यासमोर धरला. मला वाटलं तो माणसं बघतोय. तो बोटाने विटा मोजत होता.

"खालून पाचवा थर," तो म्हणाला. "तो माझा."

मी पाहिलं. थर उजवीकडे जरा उतरला होता. जाणणाऱ्यालाच दिसेल एवढा.

"थराची दोरी ढिली होती त्या दिवशी," तो म्हणाला. "मी पाहिली होती. चालते म्हनलं."

त्याने फोन मनकर्णाबाईकडे दिला नाही. अंगठ्याने फोटो आणखी मोठा केला, माणसं बाजूला गेली आणि पडद्यावर फक्त भिंत राहिली, लाल. बाहेर बायांनी रोवणी उरकून बांधावर पाय धुवायला सुरुवात केली होती. तो म्हणाला की एकदा जाऊन तो थर काढून नीट बसवायला पाहिजे होता.